बँक सरकारी असली की स्पर्धेचं काय होतं? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळच्या बाजारात माझं छोटं ऑफिस आहे. काजू कारखान्यांच्या, होमस्टेवाल्यांच्या, आंबा बागायतदारांच्या कर्जाच्या फायली तयार करून देणं हा माझा धंदा. दिवसभर समोर माणसं असतात आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात: सरकारी बरी की खाजगी, सरकारीत व्याज कमी का, आमच्या गावात दुसरी बँक का येत नाही. तोंडी सांगून थकलो, म्हणून इथे लिहून ठेवतो. मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक नाही. पण बँकेच्या काऊंटरच्या अलीकडे उभा राहून मला पंचवीस वर्षं झाली.

सरकारी बँक म्हणजे नेमकी कोणती?

केंद्र सरकारचा हिस्सा किमान ५१ टक्के असलेली. आज अशा १२ बँका आहेत: स्टेट बँक आणि बाकी अकरा राष्ट्रीयीकृत. काहींमध्ये सरकारचा हिस्सा अगदी अलीकडेपर्यंत नव्वद टक्क्यांच्या वर होता, स्टेट बँकेत तो निम्म्याहून थोडा जास्त आहे.

घोळ होतो तो पुढच्यांबाबत. आयडीबीआयचे ५१ टक्के शेअर २०१९ मध्ये एलआयसीने घेतले. तेव्हापासून रिझर्व्ह बँक तिला खाजगी बँकांत मोजते. लोक अजून सरकारीच समजतात. ग्रामीण बँकेत केंद्राचे ५० टक्के, राज्याचे १५ आणि प्रायोजक बँकेचे ३५ टक्के असतात, म्हणजे तीही सरकारीच. आपल्याकडची ग्रामीण बँक बँक ऑफ इंडियाच्या छत्राखाली होती. १ मे २०२५ पासून राज्यात एकच ग्रामीण बँक झाली आणि तिची प्रायोजक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. जिल्हा मध्यवर्ती बँक मात्र सहकारी. तिथे शासनाच्या योजना चालतात, संचालक मंडळात आमदार दिसतात, म्हणून ती सरकारी होत नाही. आणि पतसंस्था तर बँकच नव्हे. त्यावर पुढे बोलू.

सरकारने मुळात बँका ताब्यात घेतल्या कशाला?

याचं एक टोक आपल्या कोकणात आहे. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. पुढे ते अर्थमंत्री असताना, १ जुलै १९५५ ला, इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तिला अट घातली होती की पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायच्या. तेव्हाच्या बँका मोठ्या शहरांत आणि व्यापारी पेठांत होत्या. खेड्यात सावकार, आणि आपल्याकडे मुंबईहून येणारी मनीऑर्डर.

१९ जुलै १९६९ ला १४ खाजगी बँका सरकारने घेतल्या, ज्यांच्या ठेवी ५० कोटींच्या वर होत्या. १५ एप्रिल १९८० ला आणखी सहा, तेव्हा रेषा २०० कोटींची होती. १९६९ मध्ये देशभरात सुमारे ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत ५९ हजारांच्या पुढे गेल्या. १९७७ पासून नियमच असा होता की जिथे आधीच बँक आहे तिथे एक शाखा हवी असेल, तर बँक नसलेल्या चार गावांत शाखा उघडा.

हे मी का सांगतो? कारण ‘सरकारी मालकीने स्पर्धा मारली’ हे वाक्य फार सहज बोललं जातं. ज्या गावात एकही बँक नव्हती तिथे मरायला स्पर्धा होती कुठे? आतल्या खेड्यांत पहिली शाखा आली ती बहुतेक ठिकाणी सरकारी होती, आणि तिची स्पर्धा होती सावकाराशी. ती तिने बऱ्यापैकी जिंकली.

तक्रार करायची तर पुढच्या काळाची करावी. नव्वदच्या आधी ठेवीचे दर आणि कर्जाचे दर दोन्ही वरून ठरून यायचे. देशातल्या ठेवींपैकी जवळपास नव्वद टक्के सरकारी बँकांकडे, आणि दर सगळीकडे एकच. गिऱ्हाईक एका बँकेतून उठून दुसरीत गेला तरी त्याला मिळायचं काय? फार तर बरी खुर्ची.

मालक एकच असेल तर सरकारी बँका एकमेकींशी स्पर्धा करतात का?

करतात, पण एका घरातल्या भावांसारखी. जमिनीच्या बांधावरून भांडण होईल, घर मोडेपर्यंत कोणी जाणार नाही.

मोठ्या कंपनीचं खातं असेल, गृहकर्ज असेल, सरकारी नोकराचा पगार असेल, तर एक सरकारी बँक दुसरीचं गिऱ्हाईक बिनधास्त ओढते. मॅनेजरला टार्गेट असतं, आणि टार्गेट भाऊबंदकी बघत नाही. पण पगाराचा करार सगळ्यांचा मिळून होतो, भरती बहुतेकांची एकाच परीक्षेतून होते, वरिष्ठांच्या नेमणुका दिल्लीतून होतात आणि वर्षाची उद्दिष्टंही एकाच मंत्रालयातून येतात. एवढं सगळं सारखं असल्यावर एकीने काही वेगळं करून दाखवायचं म्हटलं तरी हात कितीसा हलणार? आणि वेगळं करून फसलं, तर विचारणारा मालक तोच.

अर्थशास्त्रात स्पर्धा मोजताना किती दुकानं आहेत ते बघतात. आपल्या बाजारात मात्र किती मालक आहेत तेही बघावं लागतं.

बँकांच्या विलीनीकरणाने आपल्याला काय फरक पडला?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि उत्तर द्यायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

आधी घटना. १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँकेत तिच्या पाच सहयोगी बँका आणि भारतीय महिला बँक मिसळल्या. १ एप्रिल २०१९ ला विजया आणि देना बँक ऑफ बडोद्यात गेल्या. १ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये, सिंडिकेट कॅनरात, आंध्रा आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये, अलाहाबाद इंडियनमध्ये. आयडीबीआयही यादीतून बाहेर पडली होती, अशा २७ च्या १२ झाल्या.

एरवी दोन मोठ्या कंपन्या एक होतात तेव्हा स्पर्धा आयोग बघतो की गिऱ्हाइकाचं नुकसान होतंय का. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने अधिसूचना काढून राष्ट्रीयीकृत बँकांच्या विलीनीकरणाला दहा वर्षांची सूट दिली. म्हणजे मालक सरकार, एकत्र करणारं सरकार, आणि तपासणीतून सूट देणारंही सरकारच. सरकारी मालकीचा स्पर्धेवर परिणाम म्हणतात तो याहून उघड कुठे दिसणार?

आता बाजारात काय झालं ते. माझ्या ओळखीचे एक काजू कारखानदार आहेत. त्यांच्या गावच्या नाक्यावर रस्त्याच्या दोन बाजूंना दोन सरकारी बँका होत्या. एका बँकेत कॅश क्रेडिटचं, म्हणजे धंद्याच्या फिरत्या कर्जाचं, नूतनीकरण अडलं की हे गृहस्थ दुपारी समोरच्या बँकेत जाऊन चहा घ्यायचे. बस्स, चहा. इकडचा मॅनेजर काचेतून बघायचा आणि चार दिवसांत फाईल हलायची. दोन्ही बँका एक झाल्या, वर्षभरात एक पाटी उतरली, त्या गाळ्यात आता मोबाईलचं दुकान आहे. परवा ते मला म्हणाले, ‘‘आता चाय पिऊक खंय जातलंय?’’

मोठ्या शहरात हा फरक जाणवत नाही, तिथे एका गल्लीत सात बँका असतात. तालुक्याच्या खाली दोनाची एक होणं म्हणजे निवडच संपणं. विलीनीकरणाचे फायदे होते हे मान्य: दुबळ्या बँकेला भांडवलाचा आधार मिळाला, एकच प्रणाली आली. पण ते फायदे ताळेबंदात दिसतात. चहाची किंमत कुठल्याच रकान्यात येत नाही.

‘सरकारी बँक बुडत नाही’ हे खरं का?

व्यवहारात आजवर खरं ठरलंय. कायद्यात मात्र तसं कुठे लिहिलेलं नाही.

कागदावर सगळ्या व्यापारी आणि सहकारी बँकांच्या ठेवींना सारखंच विमासंरक्षण आहे: एका ठेवीदाराच्या एका बँकेतल्या सगळ्या शाखांतल्या ठेवी मिळून, व्याजासह, ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ते फक्त १ लाख होतं. या विम्याचा हप्ताही चांगल्या-वाईट सगळ्या बँका वर्षानुवर्षं एकाच दराने भरत आल्या, २०२० पासून शंभर रुपयांमागे १२ पैसे. जोखमीनुसार हप्ता लावण्याची घोषणा रिझर्व्ह बँकेने केली ती २०२५ च्या ऑक्टोबरात.

लोक विम्याचा कायदा वाचत बसत नाहीत, मालक बघतात. माझी मालवणची आत्या पेन्शनचे पैसे सरकारी बँकेत ठेवते. समोर लहान खाजगी बँकेचा एक टक्का जास्त दराचा बोर्ड लागलाय, हे तिला दोनदा सांगून पाहिलं. तिचं उत्तर ठरलेलं: ‘‘सरकारी असा मां? मगे पैशे खंय जातले?’’

हेच ते न लिहिलेलं हमीपत्र. ते फुकट मिळतं, म्हणून सरकारी बँकेला ठेवी थोड्या कमी व्याजात मिळतात. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, मार्च २०२० मध्ये येस बँक अडचणीत आली, तेव्हा लोकांचा ओढा आणखी सरकारीकडे गेला. येस बँकेला वाचवायला भागभांडवल घालणाऱ्यांत सर्वांत पुढे होती स्टेट बँकच. खाजगी घर पडलं तरी टेकू सरकारी वाशाचा.

बाहेर काही ठिकाणी हे हमीपत्र थेट स्पर्धेचा प्रश्न मानलं गेलं. जर्मनीत सार्वजनिक बचत बँका आणि प्रांतांच्या बँकांना सरकारची उघड हमी होती. खाजगी बँकांनी तक्रार केली की यामुळे त्यांना पैसा स्वस्त मिळतो, शर्यत सारखी राहत नाही. युरोपीय आयोगाशी झालेल्या समझोत्याप्रमाणे ती हमी जुलै २००५ मध्ये बंद झाली. बँका सरकारीच राहिल्या, फक्त वेगळी सवलत गेली. आपल्याकडे हमी लिहिलेलीच नाही, त्यामुळे ती काढून घेता येत नाही. गंमतच आहे.

मग सरकारी बँकेचं कर्ज स्वस्त असतं ना?

गृहकर्जात बऱ्याचदा असतं. लहान उद्योगाच्या कर्जातही दर थोडा कमी दिसतो. पण पीककर्जात दराची स्पर्धा जवळजवळ नाहीच. तीन लाखांपर्यंत दर ७ टक्के, वेळेत फेडलं की केंद्राची ३ टक्के सवलत, वर राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना, म्हणजे वेळेवर भरणाऱ्याला व्याज शून्यावर येतं. दर सरकारने ठरवल्यावर बँका स्पर्धा करणार कशावर? कागदांवर आणि वेळेवर.

कागद म्हटलं की आपला सातबारा आला. एकेका सातबारावर वीस-बावीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, दोन दुबईला, एक-दोन देवाघरी. तारण ठेवायचं तर सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या लागतात. १ जानेवारी २०२५ पासून शेतीकर्जाला २ लाखांपर्यंत तारण मागायचं नाही असा नियम आहे (आधी मर्यादा १ लाख ६० हजार होती), तो सगळ्या बँकांना लागू. तरी फाईल अडते कुठे? ‘आधी चाकरमान्यांची संमती आणा’ इथेच. देवगडचा बागायतदार मग वाशीच्या दलालाकडून आगाऊ रक्कम उचलतो आणि पेट्या त्यालाच घालतो. त्या पैशाला व्याज दिसत नाही, ते पेटीच्या भावात कापलेलं असतं. हापूसच्या बागेत सरकारी बँकेची खरी स्पर्धक खाजगी बँक नाहीच, हा दलाल आहे.

दर कमी असूनही लोक खाजगीकडे किंवा फायनान्सकडे का जातात?

काजूचंच उदाहरण घ्या. बी बाजारात येते मार्च ते मे. कारखानदाराने वर्षभराची बी याच अडीच-तीन महिन्यांत घ्यायची, वाळवायची, गोण्यांत भरून ठेवायची. पैसे लागतात मार्चमध्ये. मंजुरी आली जूनमध्ये, तर त्या मंजुरीपत्राची होडी करून वहाळात सोडावी.

हिशेब करून बघा. चाळीस लाखांच्या कर्जमर्यादेवर व्याजात एक टक्क्याचा फरक म्हणजे वर्षाला ४० हजार रुपये. पंचवीस टन बी घ्यायची आहे आणि उशिरामुळे किलोला दहा रुपये जास्त मोजावे लागले, तर अडीच लाख गेले. ज्याला हे कळतं तो दराचा बोर्ड बघत नाही, ‘पैसे कधी सोडणार’ एवढंच विचारतो.

उशीर का होतो, याचं कारण मालकीत दडलेलं आहे. सरकारी बँकेचा अधिकारी कायद्याच्या नजरेत लोकसेवक. त्याने दिलेलं कर्ज थकलं की दक्षता विभाग विचारतो, का दिलं? चांगलं कर्ज नाकारलं तर कोणी विचारत नाही. त्यात तीन वर्षांनी बदली. अशा माणसाने काय करावं? एक कागद जास्त मागावा. माझ्याच एका फाईलला एका सरकारी शाखेने दोन महिन्यांत तीनदा तोच दाखला नव्याने मागितला, कारण मधल्या काळात साहेब बदलले. नवे साहेब वाईट नव्हते. त्यांना फक्त आपली सही दुसऱ्याच्या चौकशीवर करायची नव्हती.

खाजगीवाल्यांचं उलटं. तिथे कर्ज दिलं तर बक्षीस. म्हणून घाई, आणि घाईत प्रोसेसिंग फी, सोबत चिकटवलेली विमा पॉलिसी. व्याजाचा खरा दर काढायला बसलं की डोळे पांढरे होतात. सोनेतारणवाल्यांकडे पैसे त्याच दिवशी, पण पावती नीट वाचा.

खाजगी बँका आमच्या गावात का येत नाहीत?

फायदा नाही म्हणून. नव्या शाखांपैकी पाव शाखा बँक नसलेल्या ग्रामीण भागात उघडाव्यात असा नियम सगळ्यांना आहे, पण पाव म्हणजे पावच, आणि गाव कुठलं हे बँक ठरवते. ज्या गावात चिरेखाणी, हॉटेलं, गल्फचा पैसा आहे तिथे त्या आल्याच आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या, एसटी दिवसातून दोनदा जाणाऱ्या गावात कोण येणार? जनधनची खाती बघा. २०१४ पासून उघडलेल्या खात्यांत चारातली तीनहून जास्त सरकारी बँकांची आहेत, खाजगींचा वाटा नगण्य. शून्य शिल्लकीचं खातं सांभाळायचा खर्च कोणीतरी सोसतंय, आणि तो सोसणारा नंतर त्याच शर्यतीत खाजगीबरोबर पळतो. खाजगीवाले कार्यक्षमतेच्या गोष्टी सांगतात तेव्हा हे ओझंही मोजायला हवं.

आमच्या जिल्ह्यातल्या ठेवी बाहेर जातात, त्याला जबाबदार कोण?

मुंबईचा चाकरमानी, गल्फमधला मुलगा, पेन्शनर, हे सगळे इथे ठेव ठेवतात. कर्ज घेणारे मानाने कमी. शंभर रुपये ठेवीमागे किती रुपये कर्ज याच जिल्ह्यात दिलं, त्याला बँकवाले सीडी रेशो म्हणतात. तो ४० च्या खाली गेला की जिल्ह्याच्या सल्लागार समितीची उपसमिती नेमून कारणं शोधायची असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

इथे सरकारी मालकीची एक रचना कामाला येते: अग्रणी बँक योजना, डिसेंबर १९६९ ची. धनंजयराव गाडगीळांच्या अभ्यासगटातून तिची कल्पना निघाली. प्रत्येक जिल्हा एका बँकेकडे, आपल्याकडे रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग तिन्ही बँक ऑफ इंडियाकडे. वर्षाचा पतपुरवठा आराखडा होतो, जिल्हाधिकाऱ्यांसमोर बैठका होतात, आकडे वाचले जातात. चांगली बाजू ही की कोणीतरी विचारणारा असतो. वाईट बाजू ही की बँका उद्दिष्टं वाटून घेतात, म्हणजे स्पर्धेच्या जागी वाटणी. आणि अग्रणी बँकच आजारी पडली तर? २०१७ च्या अखेरीस बँक ऑफ इंडिया रिझर्व्ह बँकेच्या सुधारात्मक कारवाईच्या चौकटीत गेली, म्हणजे थकबाकी वाढल्याने तिच्यावर बंधनं आली, ती बाहेर आली ३१ जानेवारी २०१९ ला. त्या वेळी एकूण अकरा सरकारी बँकांचे हात असे बांधलेले होते. ती मोकळी जागा खाजगी बँकांनी आणि फायनान्स कंपन्यांनी घेतली, ती अजून सोडलेली नाही.

सरकारी बँका पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून कर्ज देतात का?

माझ्या समोर फोन आलेला मी पाहिलेला नाही, तेव्हा ऐकीव सांगत नाही. अभ्यास काय म्हणतात ते सांगतो. शॉन कोल या अर्थतज्ज्ञाने भारतातले आकडे तपासून २००९ मध्ये दाखवलं की निवडणुकीच्या वर्षात सरकारी बँकांच्या शेतीकर्जाची वाढ ५ ते १० टक्के अंकांनी जास्त असते. खाजगी बँकांत तसं दिसलं नाही.

शेतीकर्ज मात्र लहान मासा. मोठे मासे होते पोलाद, वीज, रस्ते. मार्च २०१८ ला सरकारी बँकांची ढोबळ थकीत कर्जं १४.६ टक्क्यांवर गेली होती. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारने २ लाख ११ हजार कोटींचं भांडवल घालण्याची योजना जाहीर केली. आता स्पर्धेच्या नजरेने बघा: बाजारात चुका करणारं दुकान बंद पडतं आणि त्याची गिऱ्हाइकं चांगल्या दुकानाकडे जातात. इथे दुकानाला करदात्याच्या पैशातून पुन्हा माल भरून मिळाला. त्यात ठेवीदार वाचले हे खरं, मीही ठेवीदार आहे. मार्च २०२५ पर्यंत ही थकबाकी तीन टक्क्यांच्याही खाली आली, हेही सांगितलं पाहिजे.

रिझर्व्ह बँक दोघांना सारखंच वागवते का?

नाही, आणि तिला तसं करताही येत नाही. खाजगी बँकेचं संचालक मंडळ ती बरखास्त करू शकते. येस बँकेचं केलंच. सरकारी बँकेच्या अध्यक्षाला ती हटवू शकत नाही, परवाना काढून घेऊ शकत नाही. पंजाब नॅशनलचा घोटाळा उघड झाल्यावर मार्च २०१८ मध्ये गव्हर्नर ऊर्जित पटेल यांनी हे जाहीरपणे बोलून दाखवलं होतं. आणखी मागे गेलात तर अजब वाटेल: २००७ पर्यंत स्टेट बँकेतला मोठा हिस्सा खुद्द रिझर्व्ह बँकेचा होता. कबड्डीचा पंच आणि एका संघाचा मालक एकच!

उलट बाजूही आहे. सरकारी बँकेला माहिती अधिकार लागू आहे, खाजगीला नाही. कर्ज नाकारलं तर स्वतःच्या फाईलवर काय शेरे आहेत ते दहा रुपयांच्या अर्जात मागता येतं. माझ्या अनुभवात नुसता अर्ज गेल्यावरही कित्येकदा फाईल सापडते.

सरकारी कामांसाठी सरकारी बँकच लागते का?

पूर्वी जवळपास तसंच होतं. कर, पेन्शन अशा कामांसाठी मोजक्याच खाजगी बँकांना मुभा होती, बाकीच्यांवरची बंदी फेब्रुवारी २०२१ मध्ये उठली. तरी स्थानिक निविदांत ‘राष्ट्रीयीकृत बँकेचाच डीडी’ अशी ओळ अजून दिसते. सवय.

जिल्हा बँक आणि पतसंस्था या स्पर्धेत कुठे बसतात?

जिल्हा बँक बऱ्याच ठिकाणी सरकारी बँकेची सर्वांत जवळची प्रतिस्पर्धी आहे, कारण तिथे मॅनेजर गावचाच असतो आणि बावीस नावांतली कोण जिवंत आहेत हे त्याला तोंडपाठ असतं. पतसंस्थेत ओळख याहून घट्ट, दरही जास्त. पण तिथल्या ठेवीला तो ५ लाखांचा विमा नाही. हे वाक्य कृपया आईवडिलांना वाचून दाखवा.

आणि एक स्पर्धक सगळे विसरतात: पोस्ट. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के मिळतात, ३० लाखांपर्यंत. दर सरकार ठरवतं. म्हणजे सरकार स्वतःच्याच बँकांच्या समोर दुकान टाकून बसलंय. आत्याला शेवटी मी तिथे नेलं. पोस्टही सरकारीच, त्यामुळे तिने हरकत घेतली नाही.

यूपीआयमुळे शाखेचं महत्त्व संपलं का?

पैसे पाठवण्यापुरतं. कर्जाची सही अजून टेबलावर होते.

खाजगीकरण झालं तर स्पर्धा वाढेल?

दोन सरकारी बँका विकण्याची घोषणा २०२१ च्या अर्थसंकल्पात झाली होती, ती अजून प्रत्यक्षात उतरलेली नाही. माझं मत विचाराल तर मालक बदलल्याने आमच्या नाक्यावर दुसरी पाटी लागणार नाही. उलट, आहे तीच शाखा तोट्यात म्हणून उचलली जाण्याची भीती जास्त. स्पर्धा हवी असेल तर गिऱ्हाइकाला उठून जाणं सोपं झालं पाहिजे. त्या दिशेने एक बरी गोष्ट झाली आहे: १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या दराच्या कर्जांवर सूक्ष्म आणि लहान उद्योगांकडून व्यापारी बँकांना मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येणार नाही. वैयक्तिक गृहकर्जाला ही सूट आधीपासून होती. काजूवाल्यांना मी हे छापूनच दिलंय. समोरची बँक उरली नाही तरी पुढच्या तालुक्यातली आहे, आणि चहा तिथेही मिळतो.

मग खातं कुठे काढू?

ठेव मोठी असेल तर दोन बँकांत विभागा, त्यातली एक सरकारी ठेवा. धंद्याचं कर्ज असेल तर हंगामाच्या आधी किमान तीन महिने दोन ठिकाणी अर्ज करा, आणि दोन्हीकडे सांगा की दुसरीकडेही केलाय. सातबारावरच्या सह्या गणपतीत गोळा करा. तेवढे दिवस सगळे चाकरमानी घरी असतात.